पंगतीतले मीठ

२००२ सालच्या दिवाळीत माझी पहिली कथा प्रसिद्ध झाली. ‘छापून आली’ असे म्हणवत नाही, कारण तिला ना कागद लागला ना शाई. इंटरनेटवर निघणारा तो दिवाळी अंक होता. त्याचे संपादक साता समुद्रांपलीकडे नोकरीला होते आणि आमच्या मुखेडात तो उघडून पाहण्याची माझ्यापाशी काही सोय नव्हती. तरी पहिली कथा ती पहिली कथा! अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ती दाखवायचीच असे मी मनाशी धरले आणि भाऊबीज उरकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही बापलेक नांदेडला निघालो.

अण्णांचे बालपण निजामी अमदानीतले. सरकारी कागद म्हटला की तो उर्दूत. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्याआधी घरी आलेला एखादा कागद वाचवून घेण्यासाठी आजोबा दुसऱ्याच्या ओसरीवर ताटकळत बसत, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले. म्हणून आपल्या अक्षरांतल्या कागदाचे त्यांना भारी अप्रूप. किराण्याच्या पुडीचा कागददेखील ते वाचल्याशिवाय टाकत नसत.

वजिराबादेतल्या एका दुकानात तासाचे पैसे मोजून संगणकापुढे बसता येत असे. पत्ता मी चिठ्ठीवर टिपून आणला होता. दुकानातल्या पोराने तो टंकला आणि पान हळूहळू वरून खाली उतरू लागले. पणतीचे चित्र आले, आकाशकंदील आला. आणि त्याखाली, जेथे माझी कथा असायची तेथे, डोक्यावर टिंबे आणि टोप्या घातलेली रोमन अक्षरे, पौंडाची खूण, उलटे प्रश्नचिन्ह, अपूर्णांक असा सगळा केरकचरा ओळीमागून ओळ पसरत गेला. परिच्छेद मात्र माझेच होते. त्यांच्या लांबी-आखूडपणावरून मी ते ओळखले.

अण्णा चष्मा पुसून पुढे वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “कामून रे, ही कोणती लिपी म्हणावी? उर्दू नाही, मोडी नाही.”

“काका, फॉन्ट आला नाही,” इतके बोलून पोरगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

फॉन्ट आला नाही म्हणजे काय, तो कोठून यायचा होता, कोणी आणायचा होता आणि वाटेत कोठे अडला, हे उमगायला माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराला पुढे बरीच वर्षे लागली. वाचकहो, तीच हकिकत आज सांगायला बसलो आहे. तीत आपल्या अक्षरांचा अलीकडचा इतिहास आहे, आणि संगणकाच्या जगात फार हलके समजले जाणाऱ्या एका कामाचाही आहे: तयार असलेली वस्तू मागणाऱ्याच्या हाती जशीच्या तशी नेऊन देणे.

त्या दुपारी आम्ही सचखंड गुरुद्वाऱ्यात माथा टेकला आणि लंगरात पंगतीला बसलो. अण्णांना जेवताना वरून मीठ घेण्याची सवय. त्यांनी हात वर करताच एक दहा-बारा वर्षांचा मुलगा मिठाचे भांडे घेऊन आला, चिमूट वाढली, पुढे गेला. आत रोट्या भाजणारे भाजत होते, डाळ ढवळणारे ढवळत होते. कोणी मीठ मागितले म्हणून चुलीजवळचा माणूस उठला नाही. मला त्या दिवशी त्यात काही विशेष वाटले नाही. कथेच्या दुःखात होतो. आज मात्र सगळा विषय समजावून सांगायला ती पंगत फार उपयोगी पडते.

आपण एखादे पान उघडतो तेव्हा पलीकडच्या संगणकाला, ज्याला सर्व्हर म्हणतात त्याला, एक मागणी जाते. पण पान आले म्हणजे काम संपत नाही. पानातच लिहिलेले असते की अमुक चित्र हवे, रंग-रूपाचे तमुक पत्रक हवे, अमुक अक्षरसंच हवा. आपल्याकडचा ब्राउझर त्या एकेका वस्तूसाठी निराळी मागणी पाठवतो. यांतल्या काही वस्तू मागणीगणिक रांधाव्या लागतात; रेल्वेच्या गाडीत आज किती जागा शिल्लक आहेत, हे आधीच लिहून ठेवता येत नाही. पण पणतीचे चित्र? ते कोणीही मागा, तेच. ते मीठ आहे. अशा न बदलणाऱ्या फायलींना संगणकवाले ‘स्टॅटिक’ म्हणतात. आपण ‘स्थिर’ म्हणू.

आरंभी सगळेच स्थिर होते. जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनी १९८९ साली या जाळ्याची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर चालवून दाखवला. त्याची रीत इतकी साधी की आज हसू येते. मागणारा एका ओळीत फाइलीचे नाव पाठवी. सर्व्हर ती उचलून देई आणि दार लावून घेई. बरोबर काही चिठ्ठी नाही, चपाटी नाही. येणारे ते पानच असणार, हे दोघांनी गृहीत धरलेले.

चित्रे, आवाज यांचा राबता सुरू झाल्यावर हे चालेना. त्यावरचा उपाय टपालाकडून आला, म्हणजे संगणकी टपालाकडून. नॅथॅनिएल बोरेन्स्टीन आणि नेड फ्रीड या दोघांनी जून १९९२ मध्ये एक नियमावली प्रसिद्ध केली. तिच्यानुसार पाठवलेल्या प्रत्येक वस्तूवर तिची जात लिहायची: हा मजकूर, हे चित्र, हा आवाज. बोरेन्स्टीन साहेबांनी त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या गाणाऱ्या दोस्तांचे छायाचित्र टपालाला जोडून पाठवले होते. एवढा खटाटोप कशाला, असे लोक विचारत तेव्हा, पुढेमागे मला नातवंडे होतील आणि त्यांचे फोटो मला टपालाने हवे असतील, असे ते सांगत. आपल्या घराघरांत दिवाळीचे फोटो ज्या सहजतेने फिरतात त्यामागे या होऊ घातलेल्या आजोबांची हौस आहे, हे मला फार आवडते. बर्नर्स-लींच्या जाळ्याने हीच चिठ्ठी उचलली आणि मे १९९६ च्या नियमपत्रात तिची रीतसर नोंद झाली. तेव्हापासून सर्व्हरने वस्तू देताना तिच्यावर जातीची चिठ्ठी लावावी असा दंडक आहे. चिठ्ठी चुकली तर आतला माल अस्सल असूनही घेणारा तो फेकून देऊ शकतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण माझ्या कथेचे घोडे येथेच पेंड खाणार आहे.

आता आपल्या अक्षरांकडे वळू. पुण्याला १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम तिने केले. १९९१ साली ‘इस्की’ नावाची भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली राष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात जगातल्या साऱ्या लिप्यांना एका वहीत जागा देऊ पाहणाऱ्या युनिकोडचा पहिला खंड निघाला, त्यातही देवनागरी होती. म्हणजे कागदावर सगळे ठाकठीक. व्यवहारात मात्र छपाईवाल्यांना आपापले फॉन्ट लागत, आणि फॉन्टात घरे असत दोनशे छप्पन. त्या घरांत काने, मात्रा, रफार, जोडाक्षरांचे तुकडे ज्याने त्याने आपल्या सोयीने बसवलेले. एकाच्या घरात ‘क’चा दांडा, तर दुसऱ्याच्या त्याच घरात वेलांटी. संगणकाच्या लेखी ती सगळी रोमन घरेच. त्यांना मराठी मुखवटा चढवायचा तो फॉन्टाने. मुखवटा नसला की खालचा चेहरा उघडा पडे. अण्णांनी जी लिपी पाहिली ती ही.

मग वाचकाने काय करावे? पहिली काही वर्षे अंकवाले सांगत, आधी आमचा फॉन्ट उतरवून घ्या, आपल्या यंत्रात बसवा आणि मग वाचा. पंगतीला येताना मीठ घरून आणा म्हणण्यातलाच हा प्रकार. भाड्याच्या संगणकावर बसणाऱ्याला दुसऱ्याच्या यंत्रात काही बसवण्याची मुभाही नसे. १९९७ साली ब्राउझरच्या चौथ्या आवृत्त्या आल्या आणि त्यांनी नामी युक्ती काढली: पानामागोमाग फॉन्टही आपोआप यावा. पण युक्ती एक आणि पंथ दोन! नेटस्केपने बिटस्ट्रीम कंपनीची रीत घेतली, मायक्रोसॉफ्टने स्वतःची निराळी. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नसे. शिवाय फॉन्टाची चोरी होऊ नये म्हणून दोन्ही पंथांत त्या फाइलीला संकेतस्थळाचा पत्ता जखडून ठेवीत. दुसऱ्या पत्त्यावरून मागणी आली की फॉन्ट हटून बसे. पत्त्यामागचे तीन डब्ल्यू गाळले एवढ्या कारणानेसुद्धा मराठीची रोमन होई. मराठीसारख्या भाषांना ही युक्ती म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न होता. इंग्रजी पानाचा फॉन्ट आला नाही तर अक्षराचे वळण बदलते, वाचणे थांबत नाही. आमचे पान मुळी मराठीच राहत नसे.

आणि नेटस्केपच्या पंथात चिठ्ठीची अट होती. आपल्याकडे या जातीची फाइल आहे आणि तिची चिठ्ठी अमुक, असे सर्व्हरच्या मालकाने त्याला एका ओळीत सांगून ठेवावे लागे. सांगितले नाही तर सर्व्हर, ओळख नसलेल्या फायलीवर लावायची ठरलेली चिठ्ठी लावी: ‘साधा मजकूर’. माझ्या अंकाच्या संपादकांचे पत्र संक्रांतीच्या सुमारास आले. ऐन दिवाळीत गर्दी वाढली म्हणून त्यांनी अंक दुसऱ्या सर्व्हरवर हलवला, साऱ्या फायली मोजून नेल्या, आणि ती एक ओळ जुन्या जागी राहून गेली. वजिराबादेतल्या त्या जुन्या यंत्रात नेटस्केपची चौथी आवृत्ती होती. माझ्या कथेची अक्षरे त्या दुकानापर्यंत बिनचूक आली होती. डब्यावर ‘मजकूर’ अशी चिठ्ठी पाहून ब्राउझरने डबा उघडलाच नाही.

त्या गर्दीची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण सर्व्हर हलवण्याची पाळी तिनेच आणली. १९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रातल्या मंडळींनी सर्व्हरला रांधायला शिकवले. मागणी आली की एखादा प्रोग्रॅम चालवायचा आणि त्याचे उत्तर पान म्हणून द्यायचे, अशी ती रीत. येथून वाढप्याबरोबर आचारीही आला. पुढे आचाऱ्याचाच बोलबाला झाला. मोठमोठे अॅप्लिकेशन सर्व्हर निघाले. आणि एक आळस शिरला. आचारी घरात आहेच, तर मीठही त्याच्याच हातून जाऊ द्या! चालते तसेही. दहा माणसांच्या पंगतीत आचाऱ्याने उठून मीठ वाढले तर काही बिघडत नाही. हजार पाने मांडली की तो मीठच वाढत राहतो आणि चुलीवरचे करपते. १९९९ साली डॅन केगेल या प्रोग्रॅमरने प्रश्न टाकला की एका यंत्राने एका वेळी दहा हजार गिऱ्हाइके का सांभाळू नयेत? मॉस्कोत रँब्लर कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोयेव्ह यांनी २००२ मध्ये, म्हणजे माझ्या कथेच्याच वर्षी, त्यावर काम आरंभले आणि २००४ मध्ये ‘एन्जिनएक्स’ नावाचा सर्व्हर जगापुढे ठेवला. तो दारात उभा राहतो. मीठ-लिंबू स्वतः वाढतो, आणि खरोखर रांधण्याजोगी मागणी असेल तीच आत आचाऱ्याकडे धाडतो.

यात आणखी एक जोखीम आहे, तिला फार शब्द खर्चत नाही. फाइल मागणारा ‘एक पायरी वर जा’ अशी खूण नावात घुसडून कोठारातून माजघरात शिरू पाहतो. वाढप्याने कोठाराबाहेर पाऊल टाकायचे नाही, हे त्याला पक्के पढवावे लागते. ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरात असे भगदाड सापडले: तिरकी रेघ युनिकोडच्या वेड्यावाकड्या लेखनात दिली की पहारेकरी ती ओळखत नसे. पुढच्या सप्टेंबरात निम्डा नावाचा कीडा याही वाटेने जगभर पसरला. ज्या युनिकोडने पुढे आम्हाला तारले त्याच्या नावावर हेही एक खाते आहे.

तारले मात्र खरेच. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि तिच्यासोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. त्याची अक्षरे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवली. २००८ साली ते गेले. पण त्यांच्या हाताचे वळण तोवर कचेऱ्या-कचेऱ्यांतून पोचले होते, आणि ते कोणाचे हे माझ्या शिक्षक मित्रांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. मीठ आता घरोघरी आले. २००३ साली मराठी विकिपीडिया युनिकोडात सुरू झाला. वाचायला काही उतरवून घ्यायला नको. फॉन्टाची फाइल पाठवण्याची युक्ती मागे पडली ती पडलीच असे वाटत होते. पण माणसाला सुंदर अक्षराची भूक असते. २०१० नंतर फॉन्ट पुन्हा पानामागून येऊ लागले, आता साऱ्यांना मान्य अशा एका रीतीने, आणि मुंबईच्या एक टाइप मंडळींचा ‘मुक्ता’ आज ठिकठिकाणी दिसतो. फॉन्टाच्या चिठ्ठीला स्वतःचे घराणे मिळायला मात्र फेब्रुवारी २०१७ उजाडला. आता फॉन्ट आला नाही तर यंत्रातल्याच अक्षरांवर भागते, कथा वाचता येते. चुकले हे कोणाला कळतही नाही, ते निराळे.

एवढे शहाणपण गाठीशी असून मी स्वतः पुन्हा ठेच खाल्ली. काही वर्षांपूर्वी शाळेचे संकेतस्थळ करायचे ठरले. माझ्या मुलाने ते जँगो नावाच्या चौकटीत बांधले. ही चौकटही एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मली, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स गावी, आणि २००५ साली जगाला खुली झाली. घरच्या यंत्रावर पान कसे देखणे दिसे! लोकांसाठी खुले केले आणि रंग गेले, बोधचिन्ह गेले, नुसता मजकूर डावीकडे चिकटून बसला. मुलगा म्हणाला, “बाबा, हे मुद्दामच असं ठेवलेलं आहे.” घरी तालीम चालू असते तोवर आचारीच मीठ वाढतो, खऱ्या पंगतीत तो ते काम साफ नाकारतो. साऱ्या स्थिर फायली एका खोलीत गोळा करा, तिची किल्ली दारातल्या वाढप्याला द्या, मगच पंगत मांडा, असा त्या चौकटीचा हट्ट आहे. आम्ही तसे केले. रंग परतले.

पण मग परीक्षेचे वेळापत्रक बदलले. त्याचे चित्र आम्ही त्याच नावाने बदलून ठेवले आणि निर्धास्त झालो. सोमवारी सातवीची चार मुले गणिताची तयारी करून आली. पेपर इतिहासाचा होता. त्यांच्या घरच्या मोबाइलवर जुनेच वेळापत्रक दिसत होते. ब्राउझर एकदा आणलेली स्थिर वस्तू घरी जपून ठेवतो, ही त्याची काटकसर. परत लागली की तो विचारतो, ‘माझ्याकडची प्रत अमक्या तारखेची आहे, बदल झाला का?’ झाला नसेल तर सर्व्हर नुसते ‘तीनशे चार’ म्हणतो, म्हणजे तुझीच प्रत चालव. आम्ही मात्र फुशारकीने सर्व्हरकडून सांगून ठेवले होते की महिनाभर विचारायलाच येऊ नका! त्या चार मुलांपैकी एकीच्या आईने मला विचारले, “गुरुजी, शाळेनं सांगितलं तेच पाहिलं ना आम्ही?” मला उत्तर देता आले नाही. मुलांचा पेपर पुन्हा घेतला. त्यानंतर वेळापत्रकाच्या फायलीच्या नावातच तिच्या मजकुरावरून काढलेली अक्षरांची एक खूण आम्ही जोडू लागलो. मजकूर बदलला की खूण बदलते, नाव बदलते, आणि ब्राउझरला नवी वस्तू आणावीच लागते. जुनी खुशाल वर्षभर ठेवावी.

अण्णा २०१४ साली गेले. ती कथा त्यांनी माझ्या हस्ताक्षरात वाचली होती, ‘बरी आहे’ म्हणाले होते. पण नांदेडच्या त्या पानाचा विषय निघाला की ‘तुझी ती इंग्रजी कथा’ असे म्हणून हसत. हस्तलिखित एका पावसाळ्यात वाळवीने खाल्ले. तो अंकही केव्हाच बंद पडला होता.

गेल्या वर्षी मुलाने तो पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या कोठारात घालून पाहिला. जुनी पाने जपून ठेवणारी ही अमेरिकेतली संस्था १९९६ पासून काम करते. पान निघाले! पणती होती, आकाशकंदील होता, आणि त्याखाली तीच टिंबे-टोप्यांची लिपी. पान जपले होते, फॉन्टाची फाइल जपलेली नव्हती. मी खुर्ची ओढून बसलो. पहिले वाक्य मला पाठ होते. कोणत्या खुणेखाली कोणते अक्षर दडले असावे, हे त्यावरून लावायला सुरुवात केली. मोडी लावतात तसे, एकेक तुकडा. मी सांगायचे, त्याने तक्त्यात भरायचे. तीन रात्री गेल्या. तक्ता भरल्यावर त्याने एक लहानसा प्रोग्रॅम चालवला आणि कथा युनिकोडात उतरली.

ती मी मोठ्याने वाचून दाखवली, स्वयंपाकघरातून हिनेही ऐकली. कथा फारशी चांगली नाही. नायक विनाकारण बोलतो. सातव्या ओळीतल्या ‘सोयऱ्यांना’ मधला ‘ऱ्या’ अजून फुटलेला आहे, त्या जागी चौकोन दिसतो. त्याचे घर तक्त्यात आम्हाला काही केल्या सापडले नाही.